कर्णिकांना पाठवलेले कावळे

१ जानेवारी, बुधवार
यंदा एकच संकल्प. गेल्या वर्षी अकरा केलेले (गिटार, जिम, ड्रोन, पहाटे उठणे, सँडविचची गाडी, बाकीचे आठवत नाहीत), म्हणून एकही झाला नाही. यंदा फक्त पक्षी. वर्षभर बघायचे, अ‍ॅपवर लिहायचे, डिसेंबरात जिल्ह्याच्या यादीत पहिल्या दहात यायचं. दुर्बीण मित्राची, सम्यकची आहे. त्याने आठवड्यासाठी दिलीय, पण त्याची स्मरणशक्ती मला माहीत आहे.
सुरुवात सकाळी सहाला ठरलेली. झाली दुपारी दीडला. घार १, पोपट २. कावळे-कबुतरं होती, ती लिहिली नाहीत. त्यांच्यासाठी दुर्बीण काय उचलायची.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ९.४०
इतिहास.
डोंबिवली एमआयडीसी, नाल्याकाठी, कुंडलिकच्या चहाच्या टपरीमागचा वड. मी चहासाठी थांबलेलो, पक्ष्यांसाठी नाही. हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. वडातून एक पक्षी बाहेर पडला. तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, जसा कुणी चुन्याचा ब्रश झटकलाय. डोळा लाल. चार-पाच कावळे बोंबलत मागे लागलेले.
फोनवर शोधलं. तिसऱ्याच फोटोत सापडला. नटक्रॅकर. हिमालयात राहतो, देवदाराच्या जंगलात. आणि आला कुठे, डोंबिवलीत. थंडी वाढली असेल तिकडे.
कुंडलिकला दाखवला. तो म्हणाला, हा तर रोजच असतो. रोज चहा गाळणाऱ्याशी काय वाद घालायचा.

६ जानेवारी
नोंद अ‍ॅपवर टाकली. ग्रुपवरही टाकली. ग्रुप म्हणजे ठाणे-कल्याण पट्ट्यातले एकशे चाळीस पक्षीवाले. अजून हिरवी खूण आलेली नाही. त्याऐवजी लिहिलंय, तपासणी बाकी. ग्रुपवर एकाने हसणारा चेहरा टाकला, त्याला अकरा जणांनी अंगठा दिला. अकराही नावं लिहून ठेवली आहेत.

८ जानेवारी
कर्णिक. हे नाव मी विसरणार नाही.
प्रफुल्ल कर्णिक, नौपाडा. बँकेतून रिटायर. आपल्या जिल्ह्याचे रिव्ह्यूअर. काही वेगळं दिसलं की अ‍ॅप त्यांना विचारतं, ते हो म्हणाले की हिरवी खूण. फुकटात करतात म्हणे. फुकटात लोकांचा अपमान करायला मिळाला तर मीही करेन.
त्यांचा मेल जसाच्या तसा उतरवतो, पुरावा म्हणून.
"श्री. सुशांत यांस, स.न.वि.वि. आपली नटक्रॅकरची नोंद पाहिली. कृपया पक्ष्याचे वर्णन आपल्या शब्दांत पाठवावे. चोच, शेपटीची लांबी, डोळ्याचा रंग. दुसरे असे की आपल्या एकाही यादीत कावळा नाही. डोंबिवलीत कावळा न दिसणे हे मला नटक्रॅकरपेक्षा दुर्मिळ वाटते. कळावे."
चार वेळा वाचला. पाचव्यांदा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, नीट लिहिलंय की, पाठव ना वर्णन. घरातच असं असेल तर बाहेरच्यांकडून काय अपेक्षा करायची.
वर्णन पाठवणार नाही. मी पाहिला म्हणजे पाहिला.
पण कावळे पाहिजेत ना साहेबांना? घ्या कावळे.

९ जानेवारी. प्लॅन
रोज एक यादी. त्याच वडाखालून. प्रत्येक कावळा मोजायचा, प्रत्येकाबद्दल टीप लिहायची, पाठवायची. त्यांना ती उघडावी लागणार, वाचावी लागणार, हो म्हणावं लागणार. रोज. वर्षभर. म्हातारा होळीपर्यंत हात जोडतो की नाही बघा.
एक नियम. खोटा आकडा एकही नाही. सूड स्वच्छ पाहिजे.
आज: गावकावळे ३८. टिपा लिहिल्या. उदा. "कावळा क्र. ७: उजवा पाय उचलून धरतो. लंगडतो. तरी बाकीच्यांच्या तोंडातला पाव पळवतो."
सगळ्या टिपांना पावणेदोन तास लागले. कुंडलिकचे चहा चार झाले. घ्या, कर्णिक.

१७ जानेवारी
एक अडचण आली. कावळे एका जागी बसत नाहीत. ३८, ६१, २२, पुन्हा ३८. कुंडलिकने विचारलं, रिकामटेकड्यांचं पण टार्गेट असतं काय रे. मी म्हटलं हे सायन्स आहे. त्याने पाव टाकला आणि म्हणाला, मोज आता, सगळे खाली आले. बरोबर निघालं. ४४. सायन्समध्ये असिस्टंट लागतोच.

६ फेब्रुवारी
कुरिअरच्या गोडाऊनमध्ये लागलो. शिफ्ट सकाळची. त्यामुळे कावळे दुपारी मोजणार.

११ फेब्रुवारी
कुरिअर सोडलं. सुपरवायझरने विचारलं, पार्सल सोडून वर काय बघतोस. ज्या कंपनीत वर बघता येत नाही तिथे वर कसा जाणार.

२६ फेब्रुवारी
एका मित्राबरोबर पॅराग्लायडिंग बघायला एका दिवसासाठी गेलेलो. नऊ दिवस लागले. तिथे एक जण तंबू भाड्याने द्यायचा, त्याला मदत केली, त्याने जेवण दिलं, मग त्याने स्वतःच धंदा बंद केला.
कर्णिकांना वाटलं असेल सुटलो. नाही सुटले. नऊही दिवस आईने घराच्या खिडकीतून मोजून आकडे पाठवले, मी तिथून टाकले. आईचे आकडे माझ्यापेक्षा जास्त येतात कारण ती पोळी टाकते. आईने मोजले म्हणजे आमच्या घराण्याने मोजले. यादीत तिचं नाव टाकलं, शालन, निरीक्षक. नियम म्हणजे नियम.

१९ मार्च
वडात कोकिळेची जोडी. नर काळा, सकाळपासून ओरडतोय, त्यामुळे कळलं. मादी गप्प. कावळे तिच्या मागे हात धुऊन लागलेत. टिपेत पूर्ण लिहिली: तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, डोळा लाल, शेपटी लांब, पट्टे असलेली. वर्णन पाहिजे होतं ना? घ्या वर्णन, कोकिळेचं घ्या.
नटक्रॅकर पुन्हा दिसला नाही. उन्हाळा लागला, परत गेला असणार.

४ मे
वडाखाली उभा राहिलो तर दोन कावळ्यांनी डोक्यात चोच मारली. वर घरटं आहे. सम्यक म्हणाला, चार महिने त्यांच्या खिडकीत डोकावतोस, दुसरं काय करतील. सम्यकला दुर्बिणीची आठवण झाली होती. विषय बदलला.
आजपासून हेल्मेट घालून मोजतो. एमआयडीसीत हेल्मेट घालून वर बघणारा माणूस उभा असला की लोकांना वाटतं सरकारी काम चाललंय. तिघांनी विचारलं पाणी कधी येणार. उद्या म्हटलं.

११ जून
वड गेला.
रस्ता रुंद करतायत. सकाळी नऊला पोचलो तेव्हा आडवा पडलेला. कावळे वर गोल गोल फिरत होते, बसायला काही नव्हतं. मोजता आले नाहीत. मोजायचा प्रयत्न केला. कुंडलिक टपरीचा पत्रा उचकटत होता, म्हणाला, तुझ्या कावळ्यांना सांग कोर्टात जा.
यादी: गावकावळे, उडताना, अंदाजे ५४. टिपेत लिहिलं, वड तोडला. क्र. ७ दिसला नाही.
आज कर्णिकांना दोन टिपा जास्त लिहिणार होतो. एकच लिहिली.

२० जून
मोजणीचं हेडऑफिस आता घरची खिडकी. कावळे ९ ते १५. पोळी तव्यावरून उतरली की बरोबर येतात. आईने नावं ठेवलीत, मी नंबर.
वडाच्या जागीही आठवड्यातून एकदा जातो. ठरलेली जागा तीच आहे म्हणून. आज तिथे: कबुतर ११, साळुंकी ४, कोकिळा मादी १ (शेजारच्या कंपाउंडातल्या पपईवर). कावळा एकही नाही.

१४ जुलै
खिडकीसमोरच्या गुलमोहरावर एक कावळी पिल्लाला भरवतेय. पिल्लू ठिपक्यांचं. चक्क कोकिळेचं. हे ढळढळीत डोळ्यासमोर, तपकिरी-पांढरं, आणि ही बया माझं माझं म्हणून आणतेय नि कोंबतेय. एवढा मूर्ख जीव मी पाहिला नाही. टिपेत लिहिलं: "कावळ्यास ओळख पटत नाही."

३ ऑगस्ट, रविवार
आज मला कळलं की जगात न्याय नाही.
ठाण्याच्या खाडीवर ग्रुपची फेरी होती. योगिनी ग्रुपची अ‍ॅडमिन आहे, वर्तकनगरला राहते, सगळ्यांना सगळं समजावून सांगायची तिला हौस. मी सहज विचारलं, कर्णिक हल्ली थकलेत का? माझ्या याद्या तपासून? ती म्हणाली, कुठल्या याद्या? मी म्हटलं कावळ्यांच्या, दोनशेच्या वर झाल्या. ती आधी हसली. मग थांबली, मग पुन्हा हसली.
कावळा नेहमीचा पक्षी. नेहमीचा पक्षी, नेहमीचा आकडा असेल तर अ‍ॅप आपोआप हिरवी खूण देतं. रिव्ह्यूअरकडे जातच नाही. कर्णिकांकडे माझी एकच नोंद पडून आहे. नटक्रॅकर. सात महिने ते वर्णनाची वाट बघतायत.
दोनशे चार याद्या. पावणेदोन तास. हेल्मेट. सगळं मशीनने वाचलं.
येताना खाडीत काहीतरी फ्लेमिंगो वगैरे होते. लिहिले नाहीत.

९ ऑगस्ट
नवा प्लॅन. कर्णिकांच्या स्वतःच्या याद्या सगळ्यांना दिसतात. चौदा वर्षांच्या. एक तरी चूक सापडेलच. ती ग्रुपवर टाकायची, सोबत हसणारा चेहरा.

१६ ऑगस्ट
आठवडाभर वाचतोय. चूक नाही. माणूस कबुतरंसुद्धा सुटी सुटी मोजतो. दर रविवारी खाडी नाहीतर येऊरचं जंगल, निरीक्षक २, निरीक्षक २, निरीक्षक २. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैपासून निरीक्षक १.
म्हणजे जोडीदारही सोडून गेला. स्वभावच तसा. मला आश्चर्य वाटलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या हौसाबाई सकाळीच दारात. नवऱ्याचं पान गच्चीवर ठेवलंय, दोन तास झाले, कावळा फिरकत नाही. त्यांना म्हटलं गच्चीवर नाही येणार, मागच्या गेटजवळ शेवग्यावर दहा पन्नासला सात येतात, तिथे ठेवा. दहा बावन्नला शिवला.
हौसाबाईंनी खाली वाकून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी बसलेलो म्हणून वाकल्या.

१० सप्टेंबर
फोन थांबत नाही. हौसाबाईंनी सगळ्यांना सांगितलं. अख्ख्या डोंबिवलीत लोक पानं घेऊन हिंडतायत आणि कावळे कुठे, कधी, किती, हे एकाच माणसाकडे लिहिलेलं आहे. ग्रुपवरही यादी टाकली. जागा, वेळ, साधारण आकडा. जानेवारीत हसणाऱ्या अकरांपैकी दोघांनी मेसेज केला, सर, घाटावर किती वाजता? सर म्हणाले. त्यांना अर्धा तास उशिरा उत्तर दिलं. बरोबर दिलं, पण उशिरा.

१२ सप्टेंबर
आज पप्पांचं पान. आईने खिडकीत ठेवलं आणि हात जोडायच्या आत तीन कावळे. आई म्हणाली, बघ, काही इच्छा राहिलेली नाही त्यांची. मी म्हटलं, रोजच्या पोळीची सवय आहे. तरी बरं वाटलं.

१३ सप्टेंबर. दुपार
देवाने शत्रू ताटात वाढून दिला.
कर्णिकांचा मेसेज. "पत्नीचे पान अविधवा नवमीस ठेवायचे आहे. गेल्या वर्षी आमच्या गच्चीवर संध्याकाळपर्यंत थांबलो, कावळा आला नाही. आपण जागा सांगता असे ग्रुपवर वाचले. आपण सांगाल तिथे येईन."
आपण सांगाल तिथे! आठ महिने ज्याची नोंद लटकवली त्याच्याकडे.
निरीक्षक १ का ते कळलं. दोन मिनिटं फोन उलटा ठेवला.
मग सरळ केला. सूड म्हणजे सूड. लिहिलं: एमआयडीसी, नाल्याकाठी, पूर्वीच्या टपरीजवळ. सकाळी साडेदहाला. भरपूर येतात.
गेले तीन महिने तिथे एक कावळा बसलेला नाही.
त्यांचं उत्तर: "आभारी आहे." एवढंच.

१५ सप्टेंबर, सोमवार, नवमी
दहालाच जाऊन उभा राहिलो. एका बंद टेम्पोच्या मागे. पराभव समोरून बघायचा असतो.
दहा चाळीसला रिक्षातून उतरले. मला वाटलेलं उंच असतील, आवाज मोठा असेल. बुटके आहेत. पांढरा शर्ट, स्टीलचा डबा, घडीचं स्टूल, गळ्यात दुर्बीण. वडाचा बुंधा राहिलाय त्यावर केळीचं पान मांडलं. वरण-भात, एक वडा, पपईची फोड. लांब जाऊन स्टुलावर बसले. वहीत काहीतरी लिहिलं.
अकरा. कबुतरं. सव्वा अकरा. साळुंक्या. डंपर गेला, पानाचं टोक उडालं, ते उठले, त्यावर दगड ठेवला, पुन्हा जाऊन बसले. रागावले नाहीत. इकडे-तिकडे बघितलं नाही. वरच बघत होते.
साडेअकराला मी निघालो. ऊन फार होतं. दुसरं काही कारण नाही.
घरी खिडकीत नऊ कावळे पोळीसाठी आरडत होते. त्यांना हाकललं. आईने विचारलं, तोंड का असं? ऊन म्हटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
कर्णिकांनी अ‍ॅपवर माझ्याशी यादी शेअर केली. खाली दोन बटणं असतात, स्वीकारा किंवा नाकारा. अजून कुठलंच दाबलं नाही.
"एमआयडीसी, नाल्याकाठी. १०.४० ते १.२५. निरीक्षक: २.
कबुतर १४. साळुंकी ६. घार २. कोकिळा १ (मादी).
टीप: ११.५० वाजता शेजारच्या पपईवरून मादी उतरली व पानावरील पपईची फोड खाल्ली. भाताला शिवली नाही. तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, डोळा लाल. आपण कळवलेल्या पक्ष्याच्याच जागी. तुलनेसाठी फोटो जोडला आहे."
निरीक्षक दोन कसे? सोबत कुणीच नव्हतं. म्हातारा अजून बायकोला मोजत असणार.
फोटो उघडला नाही.

१६ सप्टेंबर
उघडला. ती कोकिळा आहे, मान्य. माझा नटक्रॅकर वेगळा होता. एका जागी दोन ठिपक्यांचे पक्षी असू शकतात. डोंबिवलीत एका खोलीत सहा माणसं असतात.

१७ सप्टेंबर
१९ मार्चची माझी टीप काढली. ५ जानेवारीचं हे पान काढलं. शेजारी शेजारी ठेवली.
जेवायला गेलो.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
आईला सगळं सांगितलं. मला वाटलेलं ती म्हणेल जाऊ दे. तिने भाजी ढवळायची थांबवली. म्हणाली, "माझ्याशी कुणाचं वैर असतं आणि त्याने तुझ्या पप्पांचं पान असं रस्त्यावर मांडायला लावलं असतं, तर तू काय केलं असतंस?" मग म्हणाली, "जा आणि सांग त्यांना. तोवर पोळ्या मी मोजून करणार. कावळ्यांच्या वेगळ्या नाही."
कावळ्यांचा यात काय दोष.

५ ऑक्टोबर
आज नौपाड्याला जाणार होतो. सम्यकने बाइकवर कल्याणला नेलं, एका ओळखीच्याची जुनी सायकल बघायला. सायकल छान होती.

१९ ऑक्टोबर
दिवाळीत कुणाच्या घरी असं तोंड घेऊन जाणं बरं नाही.

९ नोव्हेंबर
पाय मुरगळला. उजवा. क्र. ७ आठवला.

३० नोव्हेंबर
पाय बरा होऊन दोन आठवडे झाले. हे आईलाही माहीत आहे.

१४ डिसेंबर, रविवार
गेलो. नौपाडा, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बोलायचं वाक्य जिन्यात पाच वेळा म्हटलं. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाले, "वर्णन आणलंत?"
वाक्य विसरलो. नुसतंच म्हटलं, त्या दिवशी जागा मुद्दाम चुकीची सांगितलेली.
"माहीत आहे," म्हणाले. "अकरा जूननंतरच्या त्या जागेच्या तेरा याद्या आहेत तुमच्या. एकीतही कावळा नाही. वड तोडल्याचं तुम्हीच लिहिलंयत."
माझ्या याद्या सगळ्यांना दिसतात. हे मला ऑगस्टमध्ये माहीत होतं. म्हणजे त्यांच्या दिसतात हे माहीत होतं, माझ्याही दिसतील हे सुचलं नाही.
मी विचारलं, मग आलात कशाला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "तेरापैकी तेरा याद्यांत कोकिळा आहे. म्हटलं, तुमचा पक्षी तरी बघून येऊ. वर्णन काही तुमच्याकडून येत नव्हतं."
"आणि पान?"
"पान कुठेतरी मांडायचंच होतं. हिला कावळे आवडायचे नाहीत. फार गोंगाट करतात म्हणायची." भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं नाही त्यांनी, मी बघितलं. बाईंच्या गळ्यातही दुर्बीण. "पपई आवडायची."
मी म्हटलं, मला माफ करा. ते बरं म्हणाले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तपासणी बाकी.
मग म्हणाले, यादी तुम्ही अजून स्वीकारली नाहीत. मी म्हटलं मी सोबत कुठे होतो. "टेम्पोच्या खालून तुमचे बूट दिसत होते, साडेअकरापर्यंत. सोबत असलेल्यालाच यादी पाठवायची असते. कोकिळा नंतर आली. ती तुम्ही पाहिली नाहीत, तेव्हा तेवढी ओळ काढून टाका."
निघताना जिन्यापर्यंत आले. मला वाटलं काही चांगलं बोलतील. विचारलं, "तो कावळा क्रमांक सात. पाय बरा झाला का त्याचा?"
माझ्या सगळ्या याद्या वाचल्यात. तेरा सप्टेंबर ते पंधरा, दोन दिवस लागले म्हणाले. मशीनने पाठवल्या नाहीत, स्वतः शोधून वाचल्या.
वड गेल्यापासून दिसला नाही, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि दार लावलं.
ज्याला बुडवायला कावळे पाठवले त्याने ते सगळे वाचले, आणि मला राग यायला पाहिजे होता. येत नव्हता. रिक्षावाल्याने पाच रुपये जास्त सांगितले तेव्हा आला. त्याच्यावर सगळा काढला.

२८ डिसेंबर
सम्यक दुर्बीण घेऊन गेला. बारा महिन्यांत दुसऱ्यांदा आठवली. स्मरणशक्तीबद्दल माझा अंदाज तेवढा बरोबर होता, फक्त मुदत चुकली.

३१ डिसेंबर, बुधवार
हिशोब. जिल्ह्यात पहिल्या दहात नाही. पहिल्या दोनशेत नाही. पण कावळ्यांच्या याद्यांत जिल्ह्यात पहिला. योगिनी म्हणाली अशी स्पर्धाच नसते. नसेना का.
नवमीची यादी स्वीकारली. कोकिळेची ओळ काढली. खोटा आकडा एकही नाही.
मग ५ जानेवारी उघडली. नटक्रॅकर अजून तिथेच, तपासणी बाकी. खोडला. कोकिळा, मादी, १ असं केलं. कावळे होते चार-पाच, मागे लागलेले, तेही लिहिले. कावळ्यांना तेव्हाच माहीत होतं ती कोण आहे. कुंडलिकलाही. गुलमोहरावरच्या त्या कावळीला नव्हतं आणि मला.
मग वर्णनाच्या चौकटीत वर्णन लिहिलं. पहिल्यांदा. अकरा ओळी. चोच फिकट हिरवट. शेपटी लांब, पट्ट्यांची. डोळा लाल, सकाळच्या उन्हात डाळिंबाच्या दाण्यासारखा. वडातून कशी सुटली, कशी वळली, सगळं. आयुष्यात एवढं चांगलं काही लिहिलेलं नाही. शेवटी लिहिलं, "श्री. कर्णिक यांस, उशिराबद्दल क्षमस्व." दोनदा वाचलं. पाठवलं.
दोन सेकंदांत हिरवी खूण आली.
कोकिळा नेहमीचा पक्षी आहे. कुणाकडे जात नाही.